अकरावा कोण?

गेल्या सेमिस्टरला लॅबमधल्या 34 मशिन्सचे लॉग एकाच सर्व्हरवर गोळा करायचं काम माझ्याकडे होतं. सर्व्हरवर सिसलॉग-एनजी बसवलं, सगळ्यांना टीसीपीने जोडलं, दोन-तीन मशिन्सचे मेसेज आलेले पाहिले आणि खुशीत झोपायला गेलो. चूक तिथेच झाली.

पुढच्या आठवड्यात 17 नंबरच्या मशिनवरचं एकाचं प्रोजेक्ट उडालं. त्यावर शेवटी बसलेला सेकंड इयरचा एक मुलगा, म्हणून सगळ्यांची बोटं त्याच्याकडे. सर म्हणाले, "लॉग काढ, बघू." काढायला गेलो तर 17 नंबरची एकही ओळ नाही! "यानेच पुसले असणार," असंही कोणीतरी म्हणालं. पोरगा रडकुंडीला आला.

रात्री बसून मोजलं. रोज फक्त 10 मशिन्सचेच लॉग येत होते, आणि तीही रोज वेगळी! सकाळी जी आधी चालू होतील त्यांना जागा, अगदी आपल्या मेससारखं. सर्व्हरच्या स्वतःच्या लॉगमध्ये तर स्पष्ट लिहिलं होतं: कनेक्शनची मर्यादा गाठली, नवं नाकारलं, मॅक्स 10. सिसलॉग-एनजीत टीसीपी सोर्सची डिफॉल्ट मर्यादाच 10 असते. (आरसिसलॉगमध्ये 200, त्यामुळे तिथे हा खड्डा उशिरा लागतो.) नाकारलेलं मशिन थोड्या वेळाने पुन्हा दार ठोठावतं. तोवर मेसेज त्याच्याच रांगेत थांबतात, आणि रांग भरली की नवे वाया जातात.

मग सोर्समध्ये मॅक्स-कनेक्शन्स 50 केलं. पण एवढ्यावर भागत नाही. लॉग-आयडब्ल्यू-साइज हा आकडा सर्व कनेक्शन्समध्ये सारखा वाटला जातो. 1000 असेल तर दहा जणांना प्रत्येकी 100 मेसेजची खिडकी; पन्नास केले की भागाकाराने प्रत्येकी फक्त 20 येतात. म्हणून तोही 5000 केला. मर्यादा उगाच लाखभर ठेवू नका, प्रत्येक कनेक्शन एक फाइल डिस्क्रिप्टर आणि थोडी मेमरी खातं. '-एस' ने कॉन्फिग तपासून सर्व्हिस रीस्टार्ट केली आणि 'एसएस' कमांडने जोडण्या मोजल्या. 34!

17 नंबरचे लॉग त्याच्या स्वतःच्या डिस्कवर सापडले. दुपारपासूनच डिस्कच्या एरर येत होत्या; मुलगा बसला संध्याकाळी. सकाळी सरांना प्रिंटआउट दाखवली, मग त्याला मेसमध्ये गाठलं. सगळं ऐकून तो एवढंच म्हणाला, "दादा, हे आधी मोजलं असतं तर?"