महानगराची चव आणि वाटाड्या

महानगरात प्रथमच आलेला पाहुणा प्रेक्षणीय स्थळांची यादी बरोबर आणतो. परंतु भूक लागली की समोर दिसेल ते उपाहारगृह गाठतो. त्याला शहर दिसते, पण ते शहर काय खाते, कोणाच्या हातचे खाते आणि का खाते, हे कळत नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी अनेक मोठ्या शहरांत ‘खाद्यफेरी’चा प्रघात पडला आहे. माहीतगार मार्गदर्शकाबरोबर दोन-तीन तास एखाद्या वस्तीतून पायी हिंडावयाचे, ठिकठिकाणी थोडेथोडे चाखावयाचे आणि त्या पदार्थांमागची हकिकत ऐकावयाची, असे तिचे स्वरूप असते. फेरीचे शुल्क बहुधा आधीच घेतले जाते आणि प्रत्यक्ष खाण्याच्या किमतीपेक्षा ते पुष्कळच अधिक असते. मग हे जादा पैसे नेमके कशाचे? फेरी निवडण्यापूर्वी हा प्रश्न विचारावयास हवा. मुंबईच्या उदाहरणावरून तो चांगला उलगडतो.

मुंबईतील खाद्यफेरीत वडापाव हमखास असतो. वास्तविक वडापाव कोणत्याही नाक्यावर मिळतो. तो दाखविण्यासाठी वाटाड्या कशाला हवा? त्याचे काम पुढे सुरू होते. १९६६ च्या सुमारास दादर स्थानकाजवळ अशोक वैद्य यांनी बटाटेवडा पावात घालून विकण्यास प्रारंभ केला, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. आज अस्सल मराठी म्हणून मिरविणाऱ्या या खाद्याची कुळकथा मात्र दूरवर जाते. बटाटा आणि मिरची मूळच्या अमेरिका खंडातल्या. पाव पोर्तुगीजांबरोबर गोव्यात आला. ‘पाव’ आणि ‘बटाटा’ हे दोन्ही शब्दही त्यांच्याच भाषेतून मराठीत रुळले. ताट नको, बसावयास जागा नको, उभ्या उभ्या एका हाताने खाता येते. गाडी पकडण्याच्या घाईत असलेल्या कामकरी माणसाला आणखी काय हवे होते? एवढे ऐकल्यावर तोच घास निराळा लागतो.

लालबाग-परळच्या गिरणगावात तर अशा मार्गदर्शकाची खरी कसोटी लागते. कोकणातून आणि घाटावरून आलेले पुष्कळसे गिरणी कामगार कुटुंब गावी ठेवून येथे राहत. त्यांच्या दोन वेळच्या जेवणाची सोय घरगुती खानावळींत होई आणि त्या बहुधा स्त्रियाच चालवीत. जेवणाचे पैसे पगार झाल्यावर मिळत, परंतु किराणा त्याआधी भरावा लागे. साहजिकच या स्त्रिया सावकाराच्या आणि वाण्याच्या उधारीत अडकत. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये ‘अन्नपूर्णा महिला मंडळ’ स्थापन करून त्यांना संघटित केले आणि बँकेचे कर्ज मिळण्याची वाट मोकळी करून दिली. पुढे १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. त्यानंतर अनेक गिरण्या बंद पडल्या, जेवणारेच पांगले आणि गिरण्यांच्या जागी उंच इमारती व झगझगीत दुकाने आली. त्या भागातून फिरताना ज्याला यातले काहीच सांगावेसे वाटत नाही, जो केवळ पुढची बशी हाती देतो, त्याला मार्गदर्शक म्हणणे कठीण. तो फार तर वाढपी होय.

‘तीन तासांत पंधरा पदार्थ, संपूर्ण मुंबई’ अशा जाहिरातीपासून म्हणूनच दूर राहिलेले बरे. पंधरा पदार्थांत जीभ थकते आणि संपूर्ण मुंबईत वेळेचा मोठा भाग वाहनात जातो. एका फेरीला एकच वस्ती पुरते. धोबीतलाव परिसरात १९०४ मध्ये सुरू झालेले कयानी आणि बॅलार्ड इस्टेटमध्ये १९२३ मध्ये सुरू झालेले ब्रिटानिया ही इराणी उपाहारगृहे घ्या. इराणमधून आलेल्या झरथुष्ट्री कुटुंबांनी मुंबईला ब्रुन पाव, मस्का आणि चहाची ओळख कशी करून दिली, इराणी आंबट बोरे घातलेला बेरी पुलाव ब्रिटानियाची ओळख कसा झाला, हे समजून घेण्यातच एक सकाळ निघून जाते. शिवाय प्रत्येक वस्तीची स्वतःची वेळ असते. १८७५ मध्ये बांधलेल्या ससून डॉकवरचा मासळीचा लिलाव आणि कोळणींची लगबग पाहावयाची तर पहाटेच उठावे लागते. मिनारा मशिदीजवळच्या मोहम्मद अली मार्गाचा रमजानमधला थाट रोजा सुटल्यानंतर, रात्रीच उलगडतो. जो मार्गदर्शक पाहुण्याच्या सोयीने वेळ ठरवितो, त्याच्यापेक्षा वस्तीच्या वेळापत्रकाप्रमाणे बोलावणारा अधिक विश्वासाचा.

प्रकृतीचा विचारही टाळता येत नाही. परक्या गावी पोट बिघडले की सारा प्रवासच फसतो. उपाहारगृहात परवान्याचा १४ अंकी क्रमांक दर्शनी भागात असावा लागतो, तो पाहावा. पण डोळ्यांची साक्षही तितकीच मोलाची. समोर तळलेला वडा आणि सकाळपासून कापून ठेवलेले फळ यांत पहिलाच बरा. पाणी आणि बर्फ यांबाबत संकोच न करता विचारावे. शाकाहार, उपवास, एखाद्या पदार्थाचे वावडे या गोष्टी आधीच सांगाव्यात. मुंबईत कांदा-लसणाशिवाय केलेली जैन पावभाजीसुद्धा मिळते. तेव्हा ‘येथे तुम्हाला काहीच चालणार नाही’ असे सांगणाऱ्याला शहराची माहिती बेताचीच आहे, असे खुशाल समजावे.

एक प्रश्न मात्र पाहुणे क्वचितच विचारतात: या शुल्कातून गाडीवाल्याला काय मिळते? रस्त्यावर विकणाऱ्याचा सारा संसार गर्दीच्या दोन-तीन तासांवर चालतो. त्याच्या उपजीविकेच्या रक्षणासाठी २०१४ मध्ये पथविक्रेता कायदा झाला. तरीही त्याची जागा आणि त्याचा वेळ हेच त्याचे भांडवल राहते. ऐन गर्दीत वीस पाहुण्यांचा घोळका गाडीसमोर उभा राहून चार वडे वाटून खात असेल, तर त्याचे नेहमीचे गिऱ्हाईक निघून जाते आणि नुकसान त्याच्या पदरी पडते. सहा-आठ जणांचा गट, रोख मोबदला आणि छायाचित्रापूर्वी परवानगी, एवढे जो पाळतो त्याला विक्रेता नावाने ओळखतो आणि हसून बोलतो. ते हसू पाहुण्यालाही ओळखता येते. पैसे भरण्यापूर्वी दूरध्वनीवर एवढेच विचारावे, की फेरी कोणत्या वस्तीत, किती जणांची, किती वाजता आणि खाण्याचे पैसे तेथल्या तेथे दिले जातात की नाही. सरळ उत्तर मिळाले तर जावे. नाहीतर मुंबईत एखाद्या आतेबहिणीचे घर असतेच. तिला बरोबर घ्यावे आणि तिच्या नेहमीच्या गाडीवर जावे.

विचार करा व लिहा

१. ‘वाढपी’ आणि ‘मार्गदर्शक’ यांत पाठात कोणता फरक केला आहे?

२. खानावळी चालविणाऱ्या स्त्रिया उधारीत का अडकत?

३. आपल्या गावातील किंवा शहरातील एक वस्ती निवडा. तेथे पाहुण्यास कोणत्या वेळी न्याल, काय खाऊ घालाल आणि त्या पदार्थाविषयी काय सांगाल, ते दहा-बारा ओळींत लिहा.