जमिनीतले विष

पिकाचे तोंड म्हणजे मूळ. मातीत विरघळलेले बरे-वाईट सारे ते उचलते.

जपानात जिंझू नावाची नदी आहे. नदीच्या वरच्या अंगाला खाण होती. खाणीच्या पाण्यातून कॅडमियम नावाचा धातू नदीत आला. तेच पाणी भातखाचरांत शिरले. तो भात खाऊन माणसांची हाडे ठिसूळ झाली. माणसे ‘इताई, इताई’ म्हणून कण्हत. म्हणजे ‘दुखतंय, दुखतंय’. १९६८ साली तिथल्या सरकारने हे कारण मान्य केले. जमिनी सुधारून व्हायला २०१२ साल उजाडले.

एवढा वेळ का? शेण कुजते, पाला कुजतो. धातू कुजत नाही.

मग आपण काय करावे? कारखान्याचे घाण पाणी शेतात घेऊ नये. जुन्या बॅटऱ्या रानात फोडू नयेत. शंका आली तर माती तपासून घ्यावी. माती आंबट निघाली, तर सांगतील तेवढा चुना घालावा. चांगले कुजलेले शेणखत घालावे. म्हणजे बराचसा धातू मातीलाच धरून राहतो, पिकात कमी जातो. अशा रानात पालेभाजी नको. पाल्यात हे विष जास्त साठते. तिथे फुलझाडे लावावीत.

आम्ही एवढेच सांगतो : विष बांधाबाहेरच अडवू या.