ओतीव गोळी आणि नेमाची अचूकता

बंदुकीची शक्ती आणि तिची अचूकता या दोन भिन्न गोष्टी होत. दारू वाढविली की गोळीचा वेग वाढतो; परंतु दहा गोळ्या एकाच ठिकाणी लागाव्यात यासाठी वेगापेक्षा सारखेपणाची गरज अधिक असते. मोठ्या व्यासाच्या रायफलीसाठी शिशाच्या गोळ्या स्वतः ओतून काडतुसे भरणाऱ्या नेमबाजाला हा भेद प्रथमपासूनच ध्यानात ठेवावा लागतो.

या प्रकारच्या रायफलीचे उत्तम उदाहरण म्हणजे अमेरिकेच्या लष्कराने १८७३ साली स्वीकारलेली स्प्रिंगफील्ड रायफल. तिच्या काडतुसाला ‘.४५-७०’ असे नाव पडले. यातील पहिला आकडा गोळीचा व्यास दर्शवितो. तो ०.४५ इंच, म्हणजे सुमारे साडेअकरा मिलिमीटर होय. दुसरा आकडा काळ्या दारूचे वजन दर्शवितो. ते ७० ग्रेन, म्हणजे सुमारे साडेचार ग्रॅम होय. गोळी ४०५ ग्रेनची, म्हणजे सुमारे २६ ग्रॅमची असे. हे काडतूस आजही तयार होते व वापरले जाते.

ओतीव गोळीने किती अचूकता साधते, याची प्रचिती २६ सप्टेंबर १८७४ रोजी न्यूयॉर्कजवळील क्रीडमूर येथे आली. आयर्लंड व अमेरिका यांचे सहा-सहा नेमबाज ८००, ९०० व १००० यार्डांवरून एकमेकांविरुद्ध उतरले होते. आयरिश नेमबाजांच्या हाती ठासणीच्या रायफली होत्या, तर अमेरिकनांच्या हाती मागून काडतूस भरण्याच्या. अमेरिकनांना ९३४ व आयरिशांना ९३१ गुण मिळाले. एका आयरिश नेमबाजाची गोळी लक्ष्याच्या अगदी मध्यावर लागली होती. पण ते लक्ष्य शेजारचे होते, म्हणून तिचे चार गुण बुडाले. ते मिळाले असते तर निकाल उलटा लागला असता. जवळजवळ एक किलोमीटर अंतरावर सामन्याचा निकाल एका गोळीवर ठरावा, इतकी अचूकता शिशाच्या गोळीत होती.

अशी गोळी कशी तयार होते? शुद्ध शिसे ३२७ अंश सेल्सिअसला वितळते. ते फार मऊ असल्याने त्यात थोडे कथील मिसळतात. काळ्या दारूसाठी शिशाच्या सोळा ते वीस भागांस कथिलाचा एक भाग हे प्रमाण रूढ आहे. कथिलामुळे धातू साच्याच्या कानाकोपऱ्यांत नीट भरतो व किंचित कठीणही होतो. अधिक वेगासाठी अँटिमनी मिसळून आणखी कठीण मिश्रधातू करतात. तथापि कठीणपणा हा स्वतंत्र गुण नव्हे. काळ्या दारूचा दाब एकाएकी येतो; त्याच्या धक्क्याने मऊ गोळी फुगून नळीतील पेचदार खाचांत घट्ट बसते. कठीण गोळी अशी फुगत नाही. ती नळीपेक्षा बारीक असल्यास तप्त वायू कडेने निसटतात, गोळीचा पृष्ठभाग खरवडतात व नळीत शिशाचा थर बसवितात. अशा नळीकडून अचूकतेची अपेक्षा करणे व्यर्थ होय. म्हणून प्रथम तेल लावलेल्या नळीतून मऊ शिशाचा तुकडा हलके ठोकून पार नेतात व त्यावर उमटलेल्या खाचांचा व्यास मोजतात. गोळी या मापापेक्षा एक-दोन हजारांश इंचाने जाड ठेवतात.

ओतताना साचा पुरेसा तापलेला नसेल तर गोळीवर सुरकुत्या पडतात. धातू नीट भरला नाही तर आत पोकळी राहते. ही पोकळी डोळ्यांना दिसत नाही, तराजूला मात्र दिसते. तिचे महत्त्व एका हिशेबावरून कळेल. स्प्रिंगफील्ड रायफलीच्या खाचा २२ इंचांत एक फेरा घेतात. सेकंदाला सुमारे ४१० मीटर वेगाने निघालेली गोळी त्यामुळे सेकंदाला सातशेहून अधिक फेरे घेते. तिचा गुरुत्वमध्य अक्षापासून केवळ ०.०१ मिलिमीटर, म्हणजे केसाच्या जाडीच्या लहानशा अंशाइतका, सरकलेला असेल तर नळीबाहेर पडताच ती बाजूला फेकली जाते व १०० मीटरवर सुमारे एक सेंटिमीटर चुकते. हजार यार्डांवर हीच चूक दहापटीहून मोठी होते.

गोळीच्या कोणत्या भागातील दोष अधिक घातक, या प्रश्नाचा छडा अमेरिकेतील डॉ. फ्रँक्लिन वेस्टन मॅन यांनी लावला. त्यांचा ग्रंथ १९०९ साली प्रसिद्ध झाला. हाताचा कंप वगळण्यासाठी त्यांनी नळी काँक्रीटच्या भक्कम चौथऱ्यावर बसविली आणि गोळीच्या मार्गात कागदी पडदे उभारले. मग काही गोळ्यांचे टोक त्यांनी मुद्दाम बिघडविले, तर काहींचा तळ. टोक बिघडलेल्या गोळ्या फारशा भरकटल्या नाहीत. तळ बिघडलेल्या मात्र दूर गेल्या. नळीतून सुटण्याच्या क्षणी वायूंचा धक्का तळावर बसतो. तळाची कड एका बाजूने तुटकी असेल तर वायू त्या बाजूने आधी निसटतात व गोळी कलते. टोक कितीही सुबक दिसले तरी अनुभवी नेमबाज म्हणूनच आधी तळ तपासतो.

गोळीच्या खाचांत मेण व चरबी यांचे वंगण भरतात. काडतुसाची चरबी म्हटले की भारतीय वाचकांना १८५७ आठवणे साहजिक आहे. एन्फील्ड रायफलीच्या काडतुसाला चरबी लावण्यामागील यांत्रिक कारण येथेही लागू पडते. काळी दारू जळाल्यावर तिच्या निम्म्याहून अधिक वजनाचा घन अवशेष मागे राहतो. वंगण तो मऊ ठेवते. ते अपुरे असेल तर पहिली व दहावी गोळी एकाच नळीतून गेली, असे म्हणता येत नाही.

इतके झाल्यावर दारूचे प्रमाण ठरविण्याचे काम उरते. प्रमाणित कोष्टकातील किमान मापापासून आरंभ करून अल्प टप्प्यांनी वर जावे. कमाल माप कधीही ओलांडू नये. प्रत्येक टप्प्याची दहा काडतुसे झाडावीत. तीन गोळ्यांचा लहानसा पुंजका पुष्कळदा योगायोगाने पडतो व नेमबाजाची दिशाभूल करतो. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. दारू व वंगण दोन्ही एकदम बदलल्यास सुधारणेचे श्रेय कोणाला द्यावयाचे हे कधीच कळत नाही. प्रत्येक फेरीचे हवामान, वजने व निकाल नोंदवहीत लिहावेत. फसलेल्या फेरीची नोंद यशस्वी फेरीइतकीच मोलाची असते.

या कामातील धोके गंभीर आहेत. वितळलेल्या शिशात पाण्याचा थेंब पडला तरी त्याची क्षणात वाफ होऊन तप्त धातू अंगावर उडतो. शिसे विषारी असल्याने हवा खेळती हवी व हात धुतल्याविना अन्नाला शिवू नये. काळ्या दारूच्या वजनाइतकी धूरविरहित दारू भरल्यास नळी फुटून प्राणावर बेतू शकते, कारण दोहोंचा दाब सर्वस्वी निराळा असतो. भारतात शस्त्र अधिनियम, १९५९ अन्वये परवान्याविना दारूगोळा तयार करणे हा गुन्हा आहे.

तोलणे, मोजणे, एकेक कारण वेगळे काढणे आणि नोंद ठेवणे ही प्रयोगशाळेतील शिस्तच येथे नेमबाजाच्या कामी येते. ती ज्याने अंगी बाणविली, त्याला चुकलेल्या गोळीचे कारण तर्काने नव्हे, तर पुराव्याने सांगता येते.