जामीन कोणाला परवडतो?

कुठे चोरी झाली, मारामारी झाली, की रविवारी मिस्सानंतर चर्चच्या आवारात तोच विषय असतो. पोलिसांनी कोणाला तरी धरून नेले एवढे कळले की आपले समाधान होते. "बरे झाले, चोर सापडला," असे आपण म्हणून मोकळे होतो. कायदा मात्र एवढी घाई करीत नाही. ज्याच्याविषयी पोलिसांना शंका आहे तो संशयित, ज्याच्यावर आरोप आहे तो आरोपी, आणि न्यायालयाने पुरावा तपासून दोषी ठरविला तरच तो गुन्हेगार. या तीन शब्दांमध्ये कित्येकदा वर्षानुवर्षांचे अंतर असते. ते अंतर काही जण आपल्या घरी राहून कापतात, काही जण तुरुंगात. हा फरक कशामुळे पडतो, ते आज आपण समजून घेऊ.

तुरुंगाच्या बोलीत दोन शब्द आहेत : कच्चा कैदी आणि पक्का कैदी. शिक्षा झालेला तो पक्का. खटल्याचा निकाल लागायचा आहे तो कच्चा. ३१ डिसेंबर २०२२ रोजी आपल्या देशातील तुरुंगांत सुमारे ५ लाख ७३ हजार माणसे होती. त्यांपैकी सुमारे ४ लाख ३४ हजार कच्चे कैदी होते, म्हणजे शंभरातले पंचाहत्तर. एवढ्या लोकांना पुरेल इतकी जागाही तुरुंगांत नव्हती. शंभर माणसांच्या जागेत सरासरी एकशे एकतीस माणसे राहत होती. तुरुंग म्हणजे शिक्षा भोगण्याची जागा असे आपण मुलांना सांगतो. प्रत्यक्षात तेथील चारपैकी तीन माणसांना कोणतीही शिक्षा झालेली नसते.

जामिनाबद्दल आपल्याकडे एक गैरसमज घट्ट बसलेला आहे. जामीन मिळाला म्हणजे सुटला, असे आपण धरून चालतो. जामीन म्हणजे सुटका नव्हे. आरोपी पळून जाणार नाही, साक्षीदारांना धमकावणार नाही आणि तारखेला हजर राहील, एवढीच ती हमी असते. ही हमी दोन प्रकारे घेतली जाते. एक, आरोपीने स्वतः लिहून दिलेला जातमुचलका. दुसरी, त्याच्यासाठी उभा राहणारा जामीनदार. अडते ते या दुसऱ्या ठिकाणी. जामीनदाराकडून सातबारा, घरपट्टीची पावती, पगाराचा दाखला, ऐपतीचा दाखला अशी कागदपत्रे मागितली जातात. ज्याच्या नात्यात कोणाच्या नावावर गुंठाभर जमीन नाही, जो बिगारीकामासाठी परगावाहून आला आहे, त्याने जामीनदार आणायचा कोठून? न्यायालय जामीन मंजूर करते आणि तरीही माणूस आतच राहतो.

१९७८ साली अशाच एका गवंड्याचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे आले होते. मध्य प्रदेशातील हा माणूस. त्याला जामीन मंजूर झालेला होता, पण दंडाधिकाऱ्यांनी दहा हजार रुपयांचा जामीनदार मागितला. त्या काळी गवंड्याच्या घरी ही रक्कम म्हणजे डोंगरच. त्याचा भाऊ जामीन राहायला तयार झाला, तर तो आणि त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून त्याला नाकारण्यात आले. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी या प्रकारावर कडक शब्दांत टीका केली आणि त्या गवंड्याला एक हजार रुपयांच्या स्वतःच्या मुचलक्यावर सोडण्याचा आदेश दिला. गरिबाला झेपणार नाही एवढी रक्कम मागणे म्हणजे जामीन नाकारणेच होय, हा या निकालाचा अर्थ.

पुढच्याच वर्षी, १९७९ मध्ये, बिहारच्या तुरुंगांतील कच्च्या कैद्यांविषयी वर्तमानपत्रात लेख आले आणि त्यांच्या आधारे वकील पुष्पा कपिला हिंगोरानी यांनी सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. हुसैनारा खातून खटला या नावाने तो ओळखला जातो. न्यायमूर्ती भगवती यांच्यापुढे जी माहिती आली, ती वाचताना आजही अंगावर काटा येतो. ज्या गुन्ह्याचा आरोप होता, त्याला असलेल्या सर्वांत मोठ्या शिक्षेपेक्षाही जास्त काळ काही माणसे खटल्याविना आत होती. निर्दोष ठरली असती तर घरी गेली असती, दोषी ठरली असती तरी केव्हाच घरी गेली असती. काही स्त्रिया तर आरोपीसुद्धा नव्हत्या. 'संरक्षण' देण्याच्या नावाखाली त्यांना तुरुंगात ठेवले होते. खटला लवकर चालणे हा घटनेच्या २१व्या कलमातील जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे या प्रकरणात न्यायालयाने सांगितले आणि पुढे हजारो कैदी सुटले.

कायदाही हळूहळू बदलला. कमाल शिक्षेचा निम्मा काळ आत काढलेल्या कच्च्या कैद्याला जामिनावर सोडावे, अशी तरतूद २००६ पासून लागू झाली. १ जुलै २०२४ पासून आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या ४७९व्या कलमाने, ज्याला पूर्वी कधी शिक्षा झालेली नाही अशा आरोपीसाठी ही मुदत एक-तृतीयांशावर आणली. मात्र फाशी किंवा जन्मठेपेची शिक्षा असलेल्या गुन्ह्यांना हे लागू नाही आणि ज्याच्यावर एकाहून अधिक खटले आहेत त्यालाही नाही. कागदावरचे कलम कोठडीपर्यंत पोहोचायला कोणीतरी अर्ज करावा लागतो, ही गोष्ट वेगळीच.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. माणूस गुन्हा का करतो? "गरिबीमुळे" हे उत्तर आम्हांला पुरेसे वाटत नाही, किंबहुना ते गरिबांवर अन्याय करणारे आहे. असंख्य गरीब माणसे कधीही कोणाच्या वस्तूला हात लावीत नाहीत आणि बँका बुडविणारे उपाशी नसतात. दारू, कर्ज, अर्धवट सुटलेली शाळा, जमिनीचे जुने वाद, घरात लहानपणापासून पाहिलेली मारझोड, वाईट संगत अशी अनेक कारणे एकमेकांत गुंतलेली असतात. गरिबीचा परिणाम सर्वांत स्पष्ट दिसतो तो पुढे : कोण पकडला जातो, कोणाला वकील मिळतो आणि कोण आत राहतो, येथे. एकोणीस वर्षांचा मुलगा मोबाइलच्या चोरीच्या आरोपाखाली आठ महिने सराईतांच्या बराकीत राहिला, तर तो तेथे काय शिकेल, हे सांगायला तज्ज्ञाची गरज नाही.

कधीकधी तर कायदाच गुन्हेगार घडवितो. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि कालांतराने आपल्याकडील पारधी, कंजारभाट, कैकाडी अशा अनेक जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरविल्या. पोलिसांकडे हजेरी द्यायची, परवानगीशिवाय गाव सोडायचे नाही, अशी बंधने आली. सोलापुरात तारांच्या कुंपणाआड त्यांची वसाहत होती. त्या भागाला आजही 'सेटलमेंट' म्हणतात. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी या जमाती मुक्त झाल्या, म्हणून त्यांना विमुक्त म्हणतात. पण गावात चोरी झाली की संशय अजूनही आधी पारध्याच्या पालाकडेच जातो. ज्याला कोणी कामावर ठेवीत नाही त्याने पोट कसे भरावे, हा प्रश्न कोणी विचारीत नाही.

हे सर्व वाचून कोणी म्हणेल, "आरोपीचा एवढा कळवळा, मग ज्याचे नुकसान झाले त्याचे काय?" प्रश्न अगदी योग्य आहे. खटला रेंगाळला की पीडितही रेंगाळतो. तारखेमागून तारीख, कामाचा खाडा, साक्षीदार विसरतात, कोणी मरण पावतो. आणि येथे एक कटू गोष्टही सांगायला हवी. बलात्काराच्या नोंदलेल्या दहापैकी नऊहून अधिक गुन्ह्यांत आरोपी हा ओळखीचा माणूस असतो : नातेवाईक, शेजारी, मित्र. आपण परप्रांतीय फेरीवाल्याकडे संशयाने पाहतो आणि घरातल्या मुलीचे म्हणणे "घराण्याची अब्रू" म्हणून दाबतो. अशा अत्याचारांतील व अॅसिडहल्ल्यांतील पीडितांसाठी महाराष्ट्रात २०१३ पासून मनोधैर्य योजना आहे. तिच्यात आर्थिक साहाय्याबरोबर समुपदेशनाचीही सोय आहे.

शिक्षा म्हणजे तुरुंगच, असेही नाही. १९५८च्या अपराधी परिवीक्षा कायद्यानुसार न्यायालय दोषी माणसाला समज देऊन किंवा चांगल्या वागणुकीच्या हमीवर सोडू शकते. २१ वर्षांखालील मुलांबाबत तर, गुन्हा जन्मठेपेचा नसेल तर, तुरुंगात का पाठविले याची कारणे न्यायाधीशांना लिहून द्यावी लागतात. नव्या भारतीय न्याय संहितेत पाच हजार रुपयांहून कमी किमतीच्या पहिल्या चोरीत, चोरलेली वस्तू किंवा तिची किंमत परत केल्यास, समाजसेवेची शिक्षा ठेवली आहे. आणि आपल्या सांगली जिल्ह्यातील आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूरला, औंध संस्थानात १९३९ साली, कैद्यांची भिंतीवाचूनची वसाहत सुरू झाली होती. कैदी तेथे कुटुंबासह राहून शेती करीत. व्ही. शांताराम यांचा 'दो आँखें बारह हाथ' (१९५७) अनेकांनी पाहिला असेल. त्याची प्रेरणा हीच.

आपल्या ओळखीत कोणाला अटक झालीच, तर एवढे लक्षात ठेवावे. अटकेत असलेल्या प्रत्येकाला, त्याचे उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चाने वकील मागता येतो. स्त्रिया, मुले आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींनाही हा हक्क आहे. त्यासाठी जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणाकडे साधा अर्ज करावा किंवा १५१०० या क्रमांकावर फोन करावा. जामीन मंजूर होऊनही जामीनदार मिळत नसेल, तर रक्कम कमी करून जातमुचलक्यावर सोडावे, असा अर्ज त्याच वकिलाकडून करून घेता येतो.