अभिनयाचा पहिला पाठ

महात्मा फुले यांचे १८५५ सालचे ‘तृतीय रत्न’ दक्षिणा प्राइज कमिटीने नाकारले. आमच्या सहावी-सातवीच्या वर्गात नाट्यशिक्षणाचा आरंभ मात्र त्यातूनच होतो. जोशी ग्रहांचे भय घालतो, तेव्हा कुणब्याच्या गरोदर बायकोचे काम करणाऱ्या मुलीला आम्ही प्रथम केवळ ऐकावयास सांगतो. समोरच्याचे शब्द चेहऱ्यावर उमटू द्यावेत, पाठांतर मागाहून. विदूषकाची भूमिका सर्वांनाच हवी असते, आणि तीच सर्वांत कठीण! तो जोश्याचे कपट प्रेक्षकांपुढे उघड करतो. त्याचा आवाज न ओरडता शेवटच्या रांगेपर्यंत पोचला पाहिजे. त्यासाठी पोटातून श्वास घेण्याचा सराव. एरवी मान खाली घालून बोलणारी मुले या भूमिकेत जोश्याला नजर देतात. अखेरीस ते जोडपे रात्रशाळेची वाट धरते. तो प्रवेश आम्ही मुलांनाच बसवू देतो.