नव्या माऊथपीसला तोंड लावताना

पोरा, ट्रंपेटला नवा माऊथपीस आणलास म्हणे. बस जरा. माऊथपीस बाजारात कितीही मिळतील, ओठ जन्माला एकदाच येतात.

१. भर लग्नसराईत प्रयोग नको, आषाढी एकादशी उलटली की लाग कामाला – तिथून गणपतीपर्यंत जवळजवळ पावणेदोन महिने हाताशी असतात. नव्या वहाणेने वरात चालू नये.

२. दुकानात दोन ताना मारून ‘हाच!’ म्हणू नकोस – ताज्या ओठाला पहिली दहा मिनिटं सगळंच गोड लागतं. खरं काय ते वाजवण्याच्या दुसऱ्या तासाला कळतं.

३. आकडा वाच, पण कंपनी बघून वाच – बाखच्या माऊथपीसवर आकडा लहान तितका कप रुंद, म्हणजे ७सी पेक्षा ३सी मोठा. यामाहाचं नेमकं उलटं. हे न बघता मी नुसत्या आकड्यावर एक उचलून आणला होता, आणि अख्खा हंगाम ओठ सुजवून घेतले.

४. वरचे सूर पटकन निघाले म्हणून हुरळू नकोस – कप उथळ असला की वर जाणं सोपं होतं, पण आवाज पातळ होतो.

५. रोज तेच वाजव: आधी हळू आवाजात लांब सूर, मग एक तोंडपाठ गाणं. माझं गाणं ‘अलबेला’तलं – १९५१ च्या त्या सिनेमात सी. रामचंद्रांकडे गोव्याचे चिक चॉकलेट होते, त्यांची ट्रंपेट माझ्या कानात इतकी बसलीय की आपला आवाज कुठे पडतो ते लगेच टोचतं.

६. ट्यूनिंग स्लाइड पुन्हा लावून घे – माऊथपीस बदलला की सूरही थोडा हलतो. जुन्या खुणेवर ठेवून क्लॅरिनेटवाल्याशी भांडशील, तुला ओळखतो मी!

७. हलकेच घाल, किंचित फिरव, वरून तळव्याने थाप मारू नकोस – थापेने तो अडकून बसतो. अडकलाच तर पुलर असलेल्या कारागिराकडे ने; मी पक्कड लावली आणि लीडपाइप पिळून ठेवला.

८. खिशात सुटा टाकू नकोस – पडून मागचं टोक चेपलं की तो नीट बसत नाही.

९. ओठावर लाल वर्तुळ खोल उमटलं की थांब – दाबून काढलेला सूर उसन्या पैशासारखा, फेडताना रडवतो. लुई आर्मस्ट्राँगएवढ्या वादकालाही ओठांच्या जखमांनी आयुष्यभर छळलं.

१०. कोमट पाण्याने, साबणाने धू. दुसऱ्याचा उसना लावू नकोस – ओठावरचे फोड असेच पसरतात. मुलामा उडून पितळ दिसू लागलं तर तो बाजूला ठेव.

११. जुना विकू नकोस. दोन-तीन आठवडे फक्त नवा वाजव, मग दोन्ही घेऊन माझ्याकडे ये. मी पाठ फिरवून बसेन, तेच गाणं दोन्हींवर वाजव. कुठला नवा, ते मला सांगू नकोस.