निर्वासितांचा वकील

या पाठाच्या अभ्यासानंतर आपण निर्वासितांच्या कायदेशीर अडचणी सांगू शकाल आणि वकील होण्याचे टप्पे क्रमाने लिहू शकाल.

१. बायलकुप्पे

म्हैसूरहून कोडगूच्या दिशेने सुमारे ८० किलोमीटर गेल्यावर बायलकुप्पे लागते. तिबेट सोडून आलेल्यांना तत्कालीन म्हैसूर राज्य सरकारने जमीन दिली आणि १९६० च्या सुमारास येथे वसाहत उभी राहिली. त्यांनी रान साफ करून शेती केली. पुढच्या पिढ्या याच मातीत जन्मल्या. तरीही कागदोपत्री त्या परक्याच राहिल्या. परकीय म्हणून मिळणाऱ्या नोंदणी प्रमाणपत्राचे वेळोवेळी नूतनीकरण करणे त्यांच्या नशिबी आले.

२. एका तारखेचे मोल

नामग्याल डोलकर यांचा जन्म १९८६ साली भारतात झाला. आईवडील तिबेटी म्हणून त्यांना पासपोर्ट नाकारला गेला. नागरिकत्व कायदा, १९५५ अन्वये २६ जानेवारी १९५० पासून ३० जून १९८७ पर्यंत भारतात जन्मलेली व्यक्ती, काही अपवाद वगळता, जन्मानेच भारतीय ठरते. दिल्ली उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१० मध्ये त्यांचा हक्क मान्य केला. २०१३ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयानेही हेच तत्त्व स्वीकारले. मात्र १ जुलै १९८७ नंतर जन्मलेल्यांना हा लाभ नाही. एका दिवसाच्या अंतराने सख्ख्या भावंडांचे भवितव्य वेगळे होऊ शकते.

नागरिक नसलेलाही निराधार नसतो. संविधानाचे अनुच्छेद १४ व २१ ‘व्यक्ती’ला संरक्षण देतात. चकमा निर्वासितांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये हेच स्पष्ट केले.

३. वकिलीची वाट

अशा माणसांची बाजू मांडू इच्छिणाऱ्या तरुणाने बारावीनंतर पाच वर्षांचा किंवा पदवीनंतर तीन वर्षांचा विधी अभ्यासक्रम पूर्ण करावा. त्यानंतर राज्य वकील परिषदेत नोंदणी करावी व अखिल भारतीय वकील परीक्षा उत्तीर्ण व्हावे. ज्येष्ठ वकिलाच्या हाताखालील उमेदवारीत अर्ज लिहिणे, जन्मदाखले तपासणे आणि अशिलाचे म्हणणे धीराने ऐकणे अंगवळणी पडते. या कामात पैसा बेताचाच मिळतो. परंतु कागदाअभावी अडलेले आयुष्य मार्गी लावण्याचे समाधान मोठे असते.

शब्दार्थ

अशील – वकिलाकडे काम सोपवणारी व्यक्ती
अन्वये – नुसार

पाठगत प्रश्न

१. डोलकर यांच्या खटल्यात जन्मतारीख निर्णायक का ठरली?
२. ‘नागरिक’ व ‘व्यक्ती’ यांतील फरक पाठाच्या आधारे स्पष्ट करा.
३. आपल्या परिसरात कागदपत्रांअभावी अडलेल्या एखाद्या व्यक्तीविषयी पाच वाक्ये लिहा.